विजय मर्चंट

विजय माधवजी मर्चंट (१२ ऑक्टोबर १९११ – २७ ऑक्टोबर १९८७) हे भारतीय क्रिकेटपटू, मुंबईच्या रणजी संघाचे कर्णधार, गिरणी उद्योजक आणि भारतीय क्रिकेट संघाच्या निवड समितीचे अध्यक्ष होते. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांनी १५० सामन्यांत ७१.६४ च्या सरासरीने १३,४७० धावा केल्या. पुरेसे डाव खेळलेल्या फलंदाजांमध्ये या सरासरीच्या बाबतीत त्यांच्या पुढे केवळ ऑस्ट्रेलियाचे सर डॉन ब्रॅडमन आहेत. कसोटी सामने मात्र त्यांना अवघे १० मिळाले आणि ते सर्व इंग्लंडविरुद्ध होते. निवड समितीचे अध्यक्ष असताना त्यांनी प्रस्थापित खेळाडूंच्या जागी तरुणांना संधी देण्याचे धोरण राबवले. १९६९ च्या हंगामात या धोरणाची मोठी किंमत मोजावी लागली आणि १९७१ मध्ये त्याचे फळ मिळाले. ते फळ नेमके कोणामुळे मिळाले, याविषयी मतभेद आहेत.

प्रारंभिक जीवन

मर्चंट यांचा जन्म मुंबईतील सधन ठाकरसी कुटुंबात झाला. कुटुंबाचा कापड गिरण्यांचा व्यवसाय होता. त्यांचे मूळ आडनाव ठाकरसी. शाळेत शिक्षकांनी नाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला असता त्यांनी व्यापारी या अर्थाचा इंग्रजी शब्द सांगितला, तोच आडनाव म्हणून हजेरीपटावर नोंदला गेला आणि पुढे कायम राहिला, असे सांगितले जाते. सिडनहॅम महाविद्यालयात शिकत असताना आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून त्यांचे नाव झाले. मुंबईच्या हिंदू जिमखान्याशी त्यांचे नाते तेव्हापासूनचे. धाकटे बंधू उदय हेही प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले.

१९३२ मध्ये भारतीय संघ पहिल्या कसोटीसाठी इंग्लंडला गेला, त्यात मर्चंट नव्हते. सविनय कायदेभंगाच्या चळवळीतील नेते तुरुंगात असताना या दौऱ्यात भाग घेऊ नये, अशी हिंदू जिमखान्याची भूमिका होती आणि मर्चंट यांनी एल. पी. जय यांच्याप्रमाणे ती पाळली. वयाच्या विशीत आलेली पहिली संधी त्यांनी अशा रीतीने स्वतःहून सोडली.

फलंदाजी

डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर भारतभूमीवरील पहिली कसोटी झाली. नागपूरचे सी. के. नायडू कर्णधार असलेल्या त्या संघात मर्चंट यांनी कसोटी पदार्पण केले. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात ते सलामीला खेळू लागले. मँचेस्टरच्या कसोटीत त्यांनी ११४ आणि मुश्ताक अली यांनी ११२ धावा केल्या व दोघांनी सलामीला २०३ धावांची भागी रचली. त्या दौऱ्याचे कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार होते. संघातील हेवेदावे इतके टोकाला गेले होते की मर्चंट यांना धावबाद करण्यासाठी आपल्याला प्रलोभन दाखवले गेले, असे मुश्ताक अली यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. ही हकिगत त्यांनी मैदानावर जातानाच मर्चंट यांना सांगितली आणि दोघे हसत खेळायला गेले. त्या दौऱ्यातील कामगिरीबद्दल १९३७ च्या विस्डेनने मर्चंट यांचा वर्षातील पाच क्रिकेटपटूंत समावेश केला.

मर्चंट अंगाने लहानखुरे होते. त्यांच्या खेळात धसमुसळेपणा नव्हता. पदलालित्य, चेंडू अखेरपर्यंत पाहण्याची सवय आणि उशिरा मारलेला कट ही त्यांची वैशिष्ट्ये होती. डाव लांबवण्याची चिकाटी हे पुढे मुंबईच्या फलंदाजीचे लक्षण मानले गेले. त्याचा पाया घालणाऱ्यांत मर्चंट यांचे नाव प्रथम घेतले जाते. रणजी करंडकात त्यांची सरासरी ९८ च्या वर आहे.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९३६ नंतर दहा वर्षे भारताने कसोटी क्रिकेट खेळले नाही. मर्चंट यांच्या पंचविशीपासून पस्तिशीपर्यंतचा, म्हणजे फलंदाजाच्या उमेदीचा सारा काळ देशांतर्गत सामन्यांत गेला. याच काळात विजय हजारे यांच्याशी त्यांची धावांची चढाओढ रंगली. १९४३-४४ च्या पंचरंगी स्पर्धेत हजारे यांनी २४८ धावा केल्या, तर अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद २५०. त्याच सामन्यात हजारे यांनी आपल्या संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ केल्या. त्याच हंगामात मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध मुंबईकडून नाबाद ३५९ धावांची खेळी केली.

संस्थानिकांचे संघ आणि मुंबई

नाव झालेला खेळाडू बाहेरून आणावा की आपल्याच मैदानावरचा पोर वाढवावा, हा प्रश्न मर्चंट यांच्यासमोर खेळाडू असतानाच उभा राहिला होता. त्या काळी संस्थानिक आपल्या पदरी नामवंत क्रिकेटपटू ठेवीत. बडोद्याच्या गायकवाडांकडे हजारे होते. इंदूरच्या यशवंतराव होळकर यांनी तर नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर अशी मातब्बर मंडळी एकत्र केली होती. खेळाडूंना नोकरी, मानमरातब आणि निर्धास्त उपजीविका मिळे आणि संस्थानाला तयार संघ मिळे. मुंबईकडे असा आश्रयदाता नव्हता. तेथे शाळा, महाविद्यालये, जिमखाने आणि आझाद मैदानावरील क्लब हीच खेळाडूंची खाण होती.

१९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात हे दोन मार्ग समोरासमोर आले. नायडू यांच्या नेतृत्वाखालील होळकर संघात युद्धकाळात हिंदुस्थानात असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टनही होते. मर्चंट मुंबईचे कर्णधार होते. मुंबईने पहिल्या डावात ४६२ आणि दुसऱ्या डावात ७६४ धावा केल्या, त्यात मर्चंट यांच्या २७८ होत्या. होळकर संघाकडून मुश्ताक अली यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली आणि कॉम्प्टन शेवटी २४९ धावांवर नाबाद राहिले, तरी मुंबईने ३७४ धावांनी विजय मिळवला. अर्थात, एका सामन्यावरून या वादाचा निवाडा होत नाही. होळकर संघाने आपल्या काळात रणजी करंडक चार वेळा जिंकला आणि सरवटे, हिरालाल गायकवाड यांसारख्यांनी भारतीय संघाची सेवाही केली. परंतु संस्थाने विलीन झाल्यावर तो संघ काही वर्षांतच इतिहासजमा झाला आणि मुंबईच्या मैदानांवरून मात्र खेळाडू येतच राहिले.

कर्णधारपद आणि अखेरची कसोटी

१९४५-४६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सैनिकी संघाविरुद्धच्या तीन अनधिकृत कसोटींत मर्चंट भारताचे कर्णधार होते आणि भारताने ती मालिका १-० अशी जिंकली. असे असूनही १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी नेतृत्व पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान यांच्याकडे गेले व मर्चंट उपकर्णधार झाले. त्या पावसाळी उन्हाळ्यात त्यांनी ७४.५३ च्या सरासरीने २,३८५ धावा केल्या. ओव्हल कसोटीतील १२८ धावा त्यांपैकीच. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी ते कर्णधार म्हणून निवडले गेले होते, पण प्रकृतीच्या कारणाने त्यांना माघार घ्यावी लागली आणि लाला अमरनाथ यांनी संघ नेला. ब्रॅडमन यांच्याशी एकाच मैदानावर गाठ पडण्याची संधी अशी हुकली.

नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध ते पुन्हा उतरले तेव्हा त्यांनी चाळिशी नुकतीच ओलांडली होती. त्यांनी १५४ धावा केल्या आणि हजारे यांच्यासमवेत तिसऱ्या गड्यासाठी २११ धावांची भागी केली. भारताकडून सर्वाधिक वयात कसोटी शतक करण्याचा मान आजही त्यांच्याच नावावर आहे. याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांद्याला झालेली दुखापत त्यांना भोवली आणि ती त्यांची अखेरची कसोटी ठरली. १० कसोटींत ४७.७२ च्या सरासरीने ८५९ धावा आणि तीन शतके, एवढाच कसोटीचा हिशेब त्यांच्या वाट्याला आला. पुढे तरुणांचा कैवार घेणाऱ्या या माणसाची सर्वोच्च कसोटी खेळी चाळिसाव्या वर्षानंतरची आहे, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

निवड समितीचे अध्यक्षपद

१९६० च्या दशकाच्या अखेरीस मर्चंट राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. निवड समितीत विभागवार प्रतिनिधी असत आणि मते समसमान पडल्यास अध्यक्षांना निर्णायक मत असे. त्या वेळी मन्सूर अली खान पतौडी यांच्या नेतृत्वाखालील संघाने १९६८ मध्ये न्यूझीलंडमध्ये ३-१ असा विजय मिळवून परदेशातील पहिली मालिका जिंकली होती. त्याच्या आधी ऑस्ट्रेलियात मात्र तो चारही कसोटी हरला होता. अनेक प्रमुख खेळाडू तिशीच्या पुढे गेले होते.

अमेरिकेतील बेसबॉल किंवा युरोपातील फुटबॉलमध्ये व्यावसायिक संघ आपल्याकडील होतकरू खेळाडू देऊन दुसऱ्याकडील कसलेला खेळाडू घेऊ शकतात. राष्ट्रीय संघाला अशी अदलाबदल शक्य नसते. तेथे जागा अकराच आणि एकाला आत घ्यायचे तर दुसऱ्याला बाहेर बसवावेच लागते. म्हणून निवड समितीचा प्रत्येक निर्णय हा एका अर्थी आजच्या सामन्याच्या बदल्यात उद्याचा खेळाडू घेण्याचा, किंवा त्याच्या उलट, सौदा असतो. मर्चंट यांनी १९६९ मध्ये उद्याच्या बाजूने कौल दिला.

१९६९ चा हंगाम

सप्टेंबर १९६९ मध्ये मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध चेतन चौहान, अशोक मांकड आणि अजित पै या तिघांनी एकाच कसोटीत पदार्पण केले. भारताने हा सामना ६० धावांनी जिंकला. पुढील कसोटी ऑक्टोबरच्या आरंभी नागपुरात झाली. विदर्भातील ही पहिलीच कसोटी होती. बंगालच्या अंबर रॉय यांनी तेथे पदार्पण केले. गोंदिया, भंडारा, चांदा या भागातील क्रीडारसिकांना कसोटी सामना प्रथमच हाकेच्या अंतरावर आला होता, पण पदरी निराशा आली. फिरकीपटू हेडली हॉवर्थ यांच्यापुढे भारतीय फलंदाजी कोसळली आणि न्यूझीलंडने १६७ धावांनी सामना जिंकला. भारतातील त्यांचा हा पहिलाच कसोटी विजय होता. हैदराबादच्या तिसऱ्या कसोटीत भारत पहिल्या डावात ८९ धावांत गारद झाला आणि दुसऱ्या डावात ७ बाद ७६ अशा अवस्थेत पावसाने त्याला तारले. मालिका १-१ अशी सुटली खरी, पण ती हरल्यासारखीच होती.

त्यानंतर बिल लॉरी यांचा बलाढ्य ऑस्ट्रेलियन संघ आला. मुंबईच्या पहिल्या कसोटीत ऑफस्पिनर वेंकटराघवन यांना वगळून सुब्रतो गुहा यांना घेतल्यावर जनमत इतके प्रक्षुब्ध झाले की गुहा यांनी आपली जागा सोडली आणि वेंकटराघवन संघात आले. याच सामन्यात प्रेक्षकांनी दंगल केली. पुण्याचे चंदू बोर्डे यांची ही शेवटची कसोटी. ५५ कसोटींत ३,०६१ धावा करणारा हा खेळाडू त्यानंतर भारताकडून कसोटी खेळला नाही. भारत ही मालिका १-३ असा हरला.

याच मालिकेत कानपूर येथे वीस वर्षांच्या गुंडप्पा विश्वनाथ यांनी पदार्पण केले. पहिल्या डावात ते शून्यावर बाद झाले, दुसऱ्या डावात त्यांनी १३७ धावा केल्या. दिल्लीत बिशनसिंग बेदी आणि एरापल्ली प्रसन्ना यांनी ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव १०७ धावांत गुंडाळला व अजित वाडेकर यांच्या नाबाद ९१ धावांच्या जोरावर भारताने सात गडी राखून विजय मिळवला. मद्रासमध्ये एकोणीस वर्षांच्या मोहिंदर अमरनाथ यांना संधी मिळाली.

या निवडींचा ताळेबंद संमिश्र आहे. विश्वनाथ ९१ कसोटी खेळले आणि त्यांनी ६,०८० धावा केल्या. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचे पुत्र एकनाथ सोलकर यांनी हैदराबादला पदार्पण केले होते. पुढे २७ कसोटींत ५३ झेल घेऊन त्यांनी फलंदाजाच्या जवळ उभे राहून झेल टिपण्याच्या कलेला भारतात प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु अजित पै पहिल्या कसोटीनंतर पुन्हा कसोटी खेळले नाहीत आणि अंबर रॉय यांची कारकीर्द चार कसोटींत संपली. मोहिंदर अमरनाथ यांना दुसऱ्या कसोटीसाठी सहा वर्षे वाट पाहावी लागली. धोरणाचे गोडवे गाताना विश्वनाथ आणि सोलकर यांचीच नावे घेतली जातात, उरलेल्यांची सहसा नाही. संधी लवकर मिळणे आणि ती टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निवड समितीच्या हाती त्यांपैकी पहिलीच पूर्णपणे असते.

कर्णधाराची निवड आणि १९७१

जानेवारी १९७१ मध्ये वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना समितीत मते समसमान पडली आणि मर्चंट यांनी अध्यक्षाच्या निर्णायक मताने वाडेकर यांची निवड केली. पतौडी यांनी १९६२ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी नेतृत्व स्वीकारले होते. एका डोळ्याची दृष्टी गमावूनही त्यांनी ३६ कसोटींत भारताचे नेतृत्व केले होते. त्यांच्यात आणि वाडेकरांत वयाचे अंतर जेमतेम तीन महिन्यांचे होते. त्यामुळे हा निर्णय तरुण विरुद्ध ज्येष्ठ असा नव्हता, तर सिद्ध कर्णधाराच्या जागी अननुभवी कर्णधार असा होता. १९४६ मध्ये मर्चंट यांना डावलून पतौडींच्या वडिलांना कर्णधार केले गेले होते, त्याचे हे उट्टे असल्याची कुजबुज त्या काळी झाली आणि आजही ती क्रिकेटच्या पुस्तकांत डोकावते. तिला पुरावा नाही. मुंबईचे यशस्वी रणजी नेतृत्व ही वाडेकरांची जमेची बाजू होती आणि आधीच्या हंगामातील निकाल पतौडींच्या विरोधात जाणारे होते, एवढे कारण पुरेसे आहे. पतौडी या दौऱ्यावर गेले नाहीत. १९७२-७३ मध्ये ते वाडेकरांच्याच नेतृत्वाखाली इंग्लंडविरुद्ध खेळले.

वेस्ट इंडीजला गेलेला संघ पाहिला असता मर्चंट यांचे धोरण तोवर बरेच लवचीक झाले होते, असे दिसते. विद्यापीठ क्रिकेटमध्ये धावांच्या राशी घालणारे एकवीस वर्षांचे सुनील गावसकर त्यात होते. त्याच संघात एम. एल. जयसिंह आणि सलीम दुराणी या जुन्या खेळाडूंना परत बोलावण्यात आले होते. मूळचे गोव्यातील मडगावचे दिलीप सरदेसाई यांचा समावेश वाडेकरांच्या आग्रहाने झाला, असे सांगितले जाते.

किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत भारताची अवस्था ५ बाद ७५ अशी झाली. त्या वेळी तिशीतले सरदेसाई आणि बावीस वर्षांचे सोलकर यांनी १३७ धावांची भागी केली. सरदेसाई २१२ पर्यंत पोचले आणि वाडेकरांनी वेस्ट इंडीजला फॉलोऑन दिला. पोर्ट ऑफ स्पेन येथील दुसरी कसोटी भारताने सात गडी राखून जिंकली. वेस्ट इंडीजविरुद्धचा हा भारताचा पहिला कसोटी विजय होता. त्यात सरदेसाईंचे ११२, पदार्पण करणाऱ्या गावसकरांचे ६५ व नाबाद ६७ आणि दुराणींनी मोक्याच्या क्षणी बाद केलेले सोबर्स व लॉइड यांचा वाटा होता. ब्रिजटाउनला ६ बाद ७० वरून पुन्हा सरदेसाई-सोलकर जोडीनेच १८६ धावा जोडून डाव सावरला. मालिकेत गावसकरांनी चार कसोटींत ७७४ आणि सरदेसाईंनी पाच कसोटींत ६४२ धावा केल्या. भारताने मालिका १-० अशी जिंकली. या दोन आकड्यांपैकी एक पुसला तर विजय उरत नाही. म्हणूनच १९७१ चे यश केवळ तरुणांना संधी देण्याच्या धोरणाचे फळ आहे, हा रूढ समज अपुरा आहे.

त्याच वर्षी इंग्लंड दौऱ्यासाठी मर्चंट यांच्या समितीने बी. एस. चंद्रशेखर यांना पुन्हा संघात घेतले. पोलिओने उजवा हात कृश झालेला हा लेगस्पिनर तीन वर्षांहून अधिक काळ संघाबाहेर होता आणि त्याला घेणे म्हणजे जुगारच आहे, असे अनेकांना वाटत होते. ऑगस्टमध्ये ओव्हलवर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ गडी बाद करून इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत संपवला. ॲलन नॉट यांचा सोलकरांनी फॉरवर्ड शॉर्ट लेगला झेपावून घेतलेला झेल याच डावातला. २४ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने चार गडी राखून इंग्लंडमधील आपला पहिला कसोटी विजय आणि पहिली मालिका मिळवली.

अन्य कार्य

मर्चंट यांनी कौटुंबिक गिरणी व्यवसायात दीर्घकाळ लक्ष घातले. अंध व अपंग व्यक्तींना दया नव्हे तर काम मिळाले पाहिजे, या भूमिकेतून त्यांनी अनेकांना नोकऱ्या मिळवून दिल्या आणि उत्तरायुष्यातील बराच वेळ त्यांच्या पुनर्वसनाच्या कामाला दिला. विविध भारतीवरील त्यांचा क्रिकेटविषयक साप्ताहिक कार्यक्रम लोकप्रिय होता. दूरचित्रवाणी घरोघरी पोचण्यापूर्वी लहान गावांतील मुलांना जुन्या खेळाडूंची ओळख अनेकदा त्यातूनच होई. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

स्मृती

मुंबईच्या वानखेडे मैदानातील एका प्रेक्षागृहाला मर्चंट यांचे नाव देण्यात आले आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची सोळा वर्षांखालील मुलांची आंतरराज्य स्पर्धा विजय मर्चंट करंडक या नावाने खेळली जाते. विदर्भाचा संघ तीत भाग घेतो. गोंदियासारख्या जिल्ह्यातील मुलाच्या कानावर मर्चंट हे नाव आज बहुधा या करंडकामुळेच प्रथम पडते. २०१७-१८ मध्ये विदर्भाने इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीला हरवून रणजी करंडक प्रथमच जिंकला. त्या अंतिम सामन्यात तरुण रजनीश गुरबानी यांनी हॅटट्रिक घेतली आणि यष्टिरक्षक अक्षय वाडकर यांनी शतक केले. संघात मुंबईहून आलेले एकोणचाळीस वर्षांचे वसीम जाफर होते आणि विजयी धाव त्यांच्याच बॅटीतून आली.